आधी कोण बोलणार?

पेपरात छापून आलं होतं, ‘बालपणापासूनच अंगी नेतृत्वगुण असलेले मेजर जनरल धनेंद्र हरिणखेडे’. नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा मी भाताचं गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर तसंच सोडून बाहेर छपरीत आली. म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. बालपणापासूनच! अगा बाप्पा, लिहिणाऱ्यानं आमच्या धनेंद्रला बालपणी पाहिलं तरी होतं काय? मी पाहिलं आहे. मी त्याची भौजी, मुन्नीबाई, त्याच्या थोरल्या भावाची, योगराजची बायको. त्या पोराच्या तोंडून ‘भूक लागली’ एवढं काढायलाही मला दहा वेळा विचारावं लागायचं. नेतृत्वगुण म्हणे!

तो पेपरवाला सरपंचाला भेटला, शाळेतल्या मास्तरांना भेटला, चौकात बॅनरखाली फोटो काढून गेला. मला विचारायचं काही त्याला सुचलं नाही. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला जनरलबद्दल काय माहीत असणार? म्हणून आता मीच सांगते. सातवी पास आहे मी. सर्वांना समजावं म्हणून जरा शिस्तीत सांगते, पण घरच्यांचं बोलणं जसं होतं तसंच येईल, त्याला माझा इलाज नाही.

मी लग्न होऊन या घरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती अन् धनेंद्र आठ वर्षांचा. सासूबाई दोन वर्षं आधीच गेलेल्या. गोंदियाकडच्या गोरेगावपासून चार किलोमीटरवर गाव, धानाची बारा एकर शेती, दोन बैलजोड्या अन् घरात सासरे, लखनलाल. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींचा धाक असा, की ते छपरीत खाटेवर बसले की कोंबड्याही मागच्या दारानं जायच्या. आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून, धार नगरीकडून आले, याचा मामाजींना भारी अभिमान. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ही कथा पहिल्यापासून ऐकवायचे, अन् कथा संपली की घराण्याची रीत सांगायचे. आमच्या घरात मोठा बोलल्याशिवाय लहान बोलत नाही.

सांगायला सोपं आहे, निभवून पाहा. पंगतीत आधी मामाजी बोलायचे. मग माझे घरवाले, म्हणजे धनेंद्रचे दादा. मग धनेंद्रची पाळी. तिथपर्यंत बहुतेक वेळा जेवणच आटोपून जायचं. मी सून, माझी पाळी तर धरलेलीच नव्हती, पण माझी जीभ माहेरूनच लांब होऊन आली होती. पहिल्या वर्षी मामाजी रागावले, दुसऱ्या वर्षी रागावले, तिसऱ्या वर्षी त्यांनी नाद सोडला. धनेंद्र मात्र त्या रीतीत पुरा मुरला. घरात सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचा, एकट्या मला ‘तू’. जे काही बोलायचा ते माझ्याजवळ, चुलीपाशी, तेही हळू आवाजात.

तो अकरा वर्षांचा असतानाची गोष्ट. मळणी झालेली होती अन् खळ्याजवळ तणसाचा ढीग घराएवढा उंच. तणस म्हणजे धानाचा पेंढा, जनावरांचं वर्षभराचं खाणं. मामाजी छपरीत बालाघाटकडच्या पाहुण्यांना धार नगरी ऐकवत होते. धनेंद्र धावत आला अन् खाटेसमोर हात बांधून उभा राहिला. मी दारातून पाहिलं, पोराची छाती वरखाली होत होती. मामाजी बोलत होते, पाहुणे माना डोलवत होते, पोरगा उभा. मला वाटलं, शाळेत मार खाल्ला असेल. चांगली पाच-सात मिनिटं गेली. कथा संपली, मामाजींनी पाण्याचा लोटा उचलला अन् विचारलं, “काय गा, काय झालं?”

“बाबूजी, तणसाले आग लागली,” धनेंद्र म्हणाला.

आता काय उरणार होतं तिथं? सारं गाव धावलं, विहिरीपासून बादल्यांची रांग लागली, पण ढीग गेला तो गेलाच. अन् संध्याकाळी ते पाहुणे काय म्हणाले असतील? “लखनलालजी, टुरा भल्ला संस्कारी आहे तुमचा.” टुरा म्हणजे आमच्याकडे पोरगा. मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. वर्षभर आम्ही गावात तणस मागत फिरलो, पण पोराला कोणी एक शब्द बोललं नाही. मी बोलली. चुलीपाशी बसवून म्हटलं, “बाबू, उद्या मामाजीच्या धोतराले आग लागली तरी असाच उभा राहशील काय?” त्यानं विचार केला. खरंच विचार केला हो! मग म्हणाला, “ते बोलून राहिले असतील तर...” मी कपाळावर हात मारून घेतला.

बारावी झाला, तशी गोंदियाला फौजेची भरती निघाली. गावची पाच पोरं गेली, हा त्यांच्या मागं मागं गेला. लहानपणापासून चिखलातल्या निसरड्या धुऱ्यांवरून, बांधांवरून पळालेला पोरगा, त्याला कोरड्या मैदानात कोण धरणार? पाचांतून एकटा तोच घेतला गेला. पायदळातला शिपाई झाला. फौजेत त्याची सवय खपूनही गेली, कारण शिपायानं हुकूम ऐकायचा असतो, बोलायचं नसतंच. मी म्हटलं, चला, याच्या जोगी नोकरी मिळाली.

पण त्याच्या साहेबांची नजर तेज. सगळ्यांना नकाशा देऊन जंगलात सोडलं की बाकीचे फिरत बसायचे अन् हा नीट ठिकाणावर जाऊन उभा. मोहफुलं वेचायला पहाटेपासून आमच्यासोबत नागझिऱ्याच्या बाजूला यायचा, त्याला जंगलाचं काय कौतुक! साहेबांनी विचारलं, ऑफिसर होणार काय? शिपायातूनही ऑफिसर होता येतं. आधी लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची निवड, मग देहरादूनला चार वर्षं शिक्षण. लेखी परीक्षेत हा पहिल्या झटक्यात पास झाला. पाच दिवसांच्या निवडीत नापास. पुन्हा गेला, पुन्हा नापास. साहेब म्हणाले, “अजून एकदा तुझं नाव पाठवतो. या वेळी नाही झालं तर दुसऱ्या कोणाला संधी द्यावी लागेल.”

त्यानंतर तो दोन महिन्यांच्या सुटीवर घरी आला. एकवीस वर्षांचा, केस बारीक कापलेले, अंगानं चांगला भरलेला. पण चेहरा पार उतरलेला. कोणाशी बोलेना. तिसऱ्या दिवशी मी शेंगा निवडत बसली होती, तिथं येऊन बसला अन् आपणच बोलायला लागला.

“भौजी, मले सगळं येत होतं.”

“मग काऊन नापास झाला?”

मग त्यानं सांगितलं. पहिल्या वेळी आठ जणांना गोल बसवलं अन् एक विषय दिला. बोला म्हणाले. त्या आठांत एक जण चार-पाच वर्षांनी मोठा होता. धनेंद्र त्याच्या बोलण्याची वाट पाहत बसला. तो बोलला, मग धनेंद्रपेक्षा मोठा दुसरा, मग तिसरा. याची पाळी येईपर्यंत वेळ संपला. दुसऱ्या वेळी एक फळी, एक दोर अन् एक पिंप दिलं, खड्डा पार करा म्हणाले. कसं करायचं ते याला पाहिल्याबरोबर समजलं. पण एक हवालदार, वयानं मोठा, चुकीच्या जागी फळी लावून राहिला होता.

“अन् तू?”

“मी त्याचं होऊ देलं. मोठा माणूस होता, भौजी. मधात कसा बोलू?”

“बाप्पा रे! पुन्हा तणस जाळलं तू!”

मला इतका राग आला की शेंगांचं सूप मी बाजूला सरकवलं. राग त्याचा नव्हता, खरं सांगते. राग त्या छपरीतल्या खाटेचा होता, धार नगरीचा होता. चांगल्या पोराचा गळा आम्हीच दाबून ठेवला होता अन् वरून संस्कारी म्हणत होतो. तो उठून जायला लागला तशी मी म्हटलं, “उद्या बाजार आहे. माझ्यासंग चल.”

आता हे बाजाराचं सांगावं लागेल. त्याच्या चार वर्षांआधी धानावर कीड पडली तेव्हापासून मी घरामागच्या बाडीतली भाजी गोरेगावच्या आठवडी बाजारात नेऊन विकत होती. पोवाराची सून बाजारात बसते म्हणून मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले. माणूस किती दिवस उपाशी राहील? माझ्या शेजारी बकाराम बसायचा. सत्तरीचा म्हातारा, अंगात फक्त हाडं अन् आवाज. मिरच्या, लसूण अन् वांगी विकायचा. बसस्टँडवर उतरलेल्या माणसालाही त्याची मिरची ऐकू यायची. गिऱ्हाईक माझ्या टोपलीकडे वळलं की तो मधातच ओरडायचा अन् माझं गिऱ्हाईक ओढून न्यायचा. रोजचं भांडण होतं आमचं, पण मनानं निर्मळ माणूस.

धनेंद्रला मी टोपलीमागं बसवलं अन् सांगितलं, “आज मी तोंड उघडणार नाही. वांगे तुले विकायचे आहेत. अन् बकारामच्या आधी बोलायचं.”

“ते माह्या बापापेक्षा मोठे आहेत, भौजी.”

“म्हणूनच त्याच्याजवळ बसवलं तुले.”

माय माय, काय सांगू तो दिवस! फौजेतला जवान, मांडी घालून वांग्यांमागं बसलेला. गिऱ्हाईक यायचं, बकाराम सुरू व्हायचा, अन् आमचा हा त्याचं संपायची वाट पाहायचा. बकारामचं कधी संपतच नाही! संध्याकाळी भरलेली टोपली तशीच्या तशी सायकलवर बांधून आम्ही घरी आलो. घरात वांग्याची भाजी, वांग्याचं भरीत, वांग्याचं वरण. पाचव्या दिवशी मामाजींनी ताटाकडे पाहून विचारलं, “आजकाल बाजारात वांगे कोणी खात नाही काय?” धनेंद्रची मान खाली. मला हसू आवरेना, मी पाणी आणायच्या निमित्तानं उठली.

दुसऱ्या बाजारात तेच. तिसऱ्या बाजारात त्यानं दोनदा तोंड उघडलं, पण आवाज असा की समोरची बाई म्हणाली, “काय म्हणता भाऊ?” तोवर बकारामनं तिची पिशवी भरून टाकली. बकारामलाही हे प्रकरण काय ते समजून चुकलं होतं. मला म्हणाला, “बाई, टुऱ्याले बिमारी आहे काय?” मी म्हटलं, “हाव. संस्काराची आहे.” चौथ्या बाजारात एक किलो विकलं गेलं. सुटीचा अर्धा वेळ संपला होता अन् निवडीची तारीख सुटी संपल्यावर आठच दिवसांनी होती. रात्री मी पाठ टेकवली की तोच विचार, पोरगा तिसऱ्यांदा परत येईल अन् मग जन्मभर तसाच हात बांधून उभा राहील.

पाचवा बाजार मी मेली तरी विसरणार नाही. मळणीचे दिवस, धान विकायला आलेल्या ट्रॅक्टरांची गर्दी. आमच्या ओळीच्या वरच्या अंगाला उतारावर एक ट्रॉली सोडून ठेवलेली, पोत्यांनी भरलेली, चाकाखाली दगड लावलेला. दुपारची वेळ. बकारामसमोर सहा-सात बाया वाकून मिरच्या निवडत होत्या, एकीच्या कडेवर लेकरू होतं, अन् बकाराम आपल्या मिरचीची कीर्ती गाऊन राहिला होता. तेवढ्यात एका बैलाचा धक्का लागला अन् चाकाखालचा दगड निसटला. आधी ट्रॉली जराशी हलली, मग हळूहळू मागं सरकायला लागली, सरळ आमच्याकडे. बायांची पाठ तिकडं होती. बकाराम बोलण्यात रंगलेला.

मी पाहिलं. धनेंद्रनंही पाहिलं. अन् आता जे सांगते ते मी अजूनपर्यंत घरात कोणाला सांगितलेलं नाही. मी ओरडू शकत होती. माझ्या आवाजानं सारा बाजार उठला असता. पण मी दात आवळले अन् एक श्वासभर गप्प बसली. त्याच्या तोंडाकडे पाहत बसली. त्या कडेवरच्या लेकराला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी गप्प बसली. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

धनेंद्र एका झटक्यात उठून उभा राहिला.

“बकाराम, चूप! ऊठ!”

देवाशप्पथ सांगते, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाजारातले कावळे उडाले. “बाया हो, डावीकडे पळा! डावीकडे! ए, लेकरू धर! भौजी, सोड टोपली!” असं बोलता बोलता तो स्वतः उडी मारून पुढं गेला, बकारामला काखेत धरून उचललं अन् बाजूला नेऊन ठेवलं. वरच्या अंगाला दोघं हमाल बघत उभे होते, त्यांच्यावर ओरडला, “पाहून काय राहिले? दगड टाका चाकाखाली!” अन् गंमत अशी, की सगळ्यांनी ऐकलं. कोणी विचारलं नाही तू कोण, कुणाचा. बाया डावीकडे पळाल्या, हमालांनी दगड टाकले. ट्रॉली बकारामच्या मिरच्या अन् माझी वांगी चिरडून थांबली. माणसाला ओरखडा नाही.

बाजारभर मिरचीचा ठसका उठला. सगळे खोकून राहिले, शिंकून राहिले, अन् त्यात आमचा धनेंद्र बकारामच्या पायांवर वाकलेला. म्हणत होता, “काका, तुम्हाले अरे-तुरे बोललो, चुकलं माझं.”

बकारामनं त्याला खांद्याला धरून उठवलं. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते, मिरचीनं की कशानं ते त्यालाच ठाऊक. म्हणाला, “अरे बेटा, पाया कायले पडून राहिला? तू ‘अहो काका’ म्हणत बसला असता, तर मी ऐकायले राहिलो असतो काय?”

त्यानंतरच्या तीन बाजारांत धनेंद्रनं काय वांगी विकली म्हणता! बकाराम अन् तो, दोघांची जुगलबंदी ऐकायला लोक थांबायचे.

पण बाजारातली बातमी गावात पोचताना वाकडी होऊन पोचते. ट्रॉलीचं राहिलं बाजूला. लखनलालचा टुरा सत्तरीच्या म्हाताऱ्याला अरे-तुरे बोलला, एवढंच मामाजींच्या कानावर आलं. संध्याकाळी छपरीत बोलावणं आलं. मामाजी खाटेवर, माझे घरवाले बाजूला, धनेंद्र समोर. मामाजींनी खाकरून सुरुवात केली, “आपल्या घराण्यात...”

“बाबूजी, आधी मी सांगतो, मग तुम्ही बोला,” धनेंद्र म्हणाला.

मी दाराआड होती, चौकट धरून उभी राहिली. त्या घरात असं वाक्य भिंतींनीही कधी ऐकलं नव्हतं. माझे घरवाले तर उभेच राहिले. धनेंद्रनं सगळं सांगितलं. ट्रॉली, बाया, लेकरू, अन् मग दोन वेळा नापास का झाला तेही. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. मामाजी ऐकत राहिले. मग मला हाक मारली, “सूनबाई, टुऱ्याले जेवायले वाढ.” अन् धनेंद्रला म्हणाले, “तणसाच्या दिवशी मी तुले दोन ठेवून द्यायले पाहिजे होत्या. माझं चुकलं ते.”

तिसऱ्या वेळी निवड झाली. तार आली तेव्हा मी बाडीत पाणी घालत होती, तशीच चिखलाच्या पायांनी गावभर नाचली.

चार वर्षांनी देहरादूनला परेड पाहायला मामाजी अन् मी दोघं गेलो. गोंदियाहून गाडीत बसलो, डब्यात चिवडा, अन् मामाजींचं नवं धोतर पिशवीत घडी घालून. परेड संपल्यावर घरच्यांनी नव्या ऑफिसरच्या खांद्यावर तारे लावायचे असतात. एका खांद्यावर मामाजींनी लावला, दुसऱ्यावर मी. मामाजींना तारा नीट लावता येईना, शेवटी धनेंद्रनं स्वतः हात लावला. म्हातारा परतीच्या प्रवासात डब्यातल्या प्रत्येकाला धार नगरी ऐकवत आला, अन् या वेळी कथेच्या शेवटी रीत नव्हती, टुरा होता.

पुढचं पेपरात बरोबर छापलं आहे. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल. काश्मीर झालं, ईशान्येकडचं जंगल झालं, परदेशात शांतिसेनेत जाऊन आला. लग्न झालं. रविता शाळेत शिकवायची, गुणी पोरगी, माझ्याशी तासन् तास बोलते. धनेंद्र स्वतःबद्दल काही सांगत नाही, जे कळतं ते रविताकडून. तिनंच सांगितलं ते बर्फाचं.

कर्नल असताना त्याची पलटण उंच डोंगरावर होती. वरचे एक साहेब पाहणीला आले अन् म्हणाले, उद्या सकाळी तीस जवानांची तुकडी त्या समोरच्या उतारावरून पलीकडे जाईल. खोलीत दहा-बारा ऑफिसर बसलेले. सगळ्यांना ठाऊक की दोन दिवसांच्या उन्हानं तिथला बर्फ सैल झाला आहे. वरचे साहेब बोलत होते अन् सगळे ऐकत होते. आमचा धनेंद्र मधातच उठला अन् म्हणाला, “साहेब, माझी माणसं उद्या त्या उतारावर जाणार नाहीत. नंतर काय कारवाई करायची ती माझ्यावर करा.” साहेब लाल झाले. तुकडी गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अख्खा उतार खाली आला. तीस घरं वाचली, तीस मायांची लेकरं वाचली. रविता सांगत होती अन् मी पदर तोंडाशी धरून रडत होती.

पण मोठ्या माणसाला मधात तोडलं की ते मोठ्या माणसाच्या ध्यानात राहतं. गावात राहतं तसं तिथंही राहतं. धनेंद्र ब्रिगेडियर झाला, पण बरोबरीच्या दोघांच्या मागून. मग जनरलसाठी दिल्लीत निवडीचं बोर्ड बसलं तेव्हा त्याचं नाव निघालं नाही. कशामुळं ते कोणी सांगत नाही, पण माझ्या मनात तो बर्फच होता. अजून एक बोर्ड बाकी होतं. त्यात झालं तर झालं, नाही तर ब्रिगेडियर म्हणून घरी. मी रविताला विचारलं, “त्याले वाईट वाटते काय, त्या दिवशी बोलल्याचं?” ती म्हणाली, “भौजी, मी विचारलं होतं. म्हणाले, तीस माणसांपुढे मला एक तारा जास्त नाही.” मला तेवढ्यानं समाधान व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. मला त्याला जनरल झालेलं पाहायचं होतं. का नाही पाहायचं? आम्ही काय कमी रगडलो होतो?

अन् एक गोष्ट राहून गेली. मामाजी गेले त्या दिवसापासून खाट अन् रीत दोन्ही माझ्या घरवाल्यांनी उचलल्या. माणूस सोन्यासारखा, या वयातही माझ्या टोपल्या मोटारसायकलवर बांधून बाजारात नेऊन देतात, पण रीत म्हणजे रीत. अन् धनेंद्र जगासमोर वाघ झाला, दादासमोर मात्र तोच हात बांधलेला टुरा. जवानांच्या परेडमध्ये हजार माणसं हलवणारा माणूस, घरी आला की दादा बोलेपर्यंत ताटावर गप्प. फोनही आधी दादालाच, आता त्यांच्या मोबाईलवर. तीस वर्षांत कधी चुकला नाही. आधी दादाशी बोलणार, दादाचं शेतीचं सगळं पुराण ऐकणार, मग दादा म्हणतील, “घे, तुह्या भौजीशी बोल.” बापासमोर बोलायला शिकला होता, भावासमोर शिकायचा राहिला होता. मी चिडवायची, “जनरल झाला तरी आधी दादाचीच परवानगी घेशील.” तो नुसता हसायचा.

गेल्या वर्षी, थंडीचे दिवस, बाजाराचा दिवस, भर दुपार. बकाराम जाऊन जमाना झाला, आता त्याच्या जागी त्याचा नातू बसतो, अन् त्याच्याकडे तर लाऊडस्पीकर आहे. एसटीचे भोंगे, मोटारसायकली, लाऊडस्पीकरवर मिरची. घरवाले माझ्या बाजूला पोत्यावर बसलेले. त्यांच्या खिशातला फोन वाजला. नाव पाहून ते सरळ होऊन बसले अन् दोन्ही हातांनी फोन कानाला धरला.

“हाव, बोल धनेंद्र. इकडं धान...”

अन् ते थांबले. त्यांचं वाक्य मधातच राहिलं. मी पाहिलं, त्यांनी फोन कानापासून दूर केला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा असा झाला होता, की मी हातातली कोथिंबीर टोपलीत टाकली.

“काय झालं? काय म्हणून राहिला तो?”

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. म्हणाले, “मले मधातच थांबवलं. म्हणते, दादा, तुम्ही थांबा. आधी भौजीले द्या.”

मी फोन घेतला. हाताला कोथिंबिरीचं पाणी, फोन निसटून राहिला होता. तिकडून धनेंद्र काही बोलत होता पण लाऊडस्पीकरच्या मिरचीपुढं मला एक अक्षर ऐकू येईना. मी उठून उभी राहिली. चौसष्ट वर्षांची बाई मी, गुडघे दुखतात, पण त्या दिवशी टोपलीच्या काठाला धरून पटकन उभी राहिली अन् छातीत होता तेवढा आवाज काढला.

“चूप बसा रे सगळे! बंद कर तो भोंगा! माझा दीर बोलून राहिला!”

बकारामच्या नातवानं घाबरून बटण दाबलं. मोटारसायकलवाल्यानं गाडी बंद केली. गिऱ्हाईकं जागच्या जागी थांबली. घरवाल्यांनी पुढं होऊन माझ्या हातातल्या फोनचा स्पीकर लावला.

“भौजी,” तो म्हणाला, “मेजर जनरल झालो. आत्ताच कळलं. रविताले पण नाही सांगितलं अजून. सगळ्यात आधी तुले सांगून राहिलो.”

मी घरवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसले अन् मला हातानं खुणावलं, बोल, तू बोल आधी.